‘सर्वांत पातळ दाखवा’ म्हणणारं गिऱ्हाईक

सर्वांत पातळ लॅपटॉप मागणाऱ्याला काय दाखवायचं, हे दुकानात बसायला लागल्यापासून दोनदा विचारलंस, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक पातळ लॅपटॉप मागतंय म्हणून लगेच खोकं काढू नकोस. आधी विचार, मशीन ठेवणार कुठं? आपल्या सांगलीत मार्केट यार्डातल्या पेढीवर हळदीची धूळ थेट पंख्यात जाऊन बसते. खालचं झाकण सरळ स्क्रू काढून उघडत नसेल तर साफ कसं करणार? रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर पुढं वाढवता येत नाही, हेही पैसे घेण्याआधीच सांगून टाक.

देखणेपणाला माझा विरोध नाही. पण ॲपलचीही गाडी इथं अडली. २०१३ चा नळकांड्यासारखा मॅक प्रो, त्यांचा टेबलावरचा कॉम्प्युटर, दिसायला झकास. आतली उष्णतेची मांडणी अशी, की जास्त ताकदीचं एकच ग्राफिक्स कार्ड त्यात बसेना. २०१७ मध्ये कंपनीनंच ते कबूल केलं. त्यांच्या मॅकबुक प्रो लॅपटॉपवरून २०१६ ला काढलेलं एचडीएमआय, म्हणजे टीव्ही-प्रोजेक्टर जोडायचं भोक, २०२१ ला परत आलं. (चार्जिंगचं भोक पोटाखाली असलेल्या त्यांच्या माउसबद्दल मी बोलतच नाही.)

आणि कीबोर्डवर गिऱ्हाइकाला पाच मिनिटं टाइप करायला लाव. मराठी टायपिंगवाला असेल तर दहा.