दार लावून बसायला जागा

लेकरा,

त्या डॉक्टरांकडं परत जाऊ नकोस. मैत्रिणीवर जीव जडलाय, हे तू धीर करून सांगितलंस आणि त्यांनी लगेच आईला आत बोलावून सगळं सांगून टाकलं. वर सहा महिने गोळ्या घे, लग्न झालं की आपोआप जागेवर येईल म्हणाले. तू १९ वर्षांची आहेस. तुझी गोष्ट तुला न विचारता कुणापुढं काढायची नाही, हा २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला तुझा हक्क आहे. समलैंगिकता आजारांच्या यादीतून जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच काढली. आणि माणसाचा कल 'बदलून देतो' म्हणत उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय.

पण एका डॉक्टरपायी हा रस्ताच सोडू नकोस. मी सोडला होता. तुझ्याएवढी असताना शहरातल्या एका समुपदेशक बाईंकडं गेले. प्रेमानं बोलल्या. रोज तासभर दार लावून एकटी बसत जा, म्हणाल्या. आमचं घर पत्र्याच्या दोन खोल्यांचं, माणसं सात. रडायला मी न्हाणीत जायचे. टँकर आठ दिवसांनी यायचा, म्हणून पाणी ओतून हुंदका लपवायचीही सोय नव्हती. ओढणीचा बोळा तोंडात धरायचे. हे त्यांना सांगायची लाज वाटली आणि मी जाणंच बंद केलं. काही वर्षांनी दुसऱ्या एकीनं पहिल्याच भेटीत विचारलं, "दार लावून बसायला घरात जागा आहे का?" नाही म्हटलं. "मग आधी ती शोधू." शोधली. गोठ्यामागं, पहाटे, शेळ्या सोडायच्या आधी अर्धा तास. माझा उपचार खरा तिथून सुरू झाला.

तुला असं विचारणारं माणूस हवंय. तुझी आई लग्नाचा हट्ट का धरते, हे त्याला कळायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडी बघून. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. तुझ्या आईचं सगळं आयुष्य या हिशोबात गेलं. एकट्या बाईचं पोट भरताना तिनं पाहिलेलंच नाही. तिला जुनाट ठरवून मोकळं होणारा माणूस तुझ्या कामाचा नाही. 'घरी सांगून टाक, हलकं वाटेल' म्हणणाराही नाही. फी, खोलीचं भाडं घरून येतंय, धाकटीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. कधी सांगायचं, आईला आणखी काय सांगायचं आणि काय नाही, हे तूच ठरवायचं. जातीवरून वर्गात ऐकलेलं बोलायला लागलीस आणि समोरच्यानं 'आता असलं कुठं राहिलंय' म्हटलं, तर तिथूनही ऊठ.

मेसमधल्या ताटांच्या आवाजानं डोकं फुटायला होतं, चपातीचा घास तसाच टाकून पळतेस, असं लिहिलंस. हा आळस नाही, नखरा तर नाहीच. काहींच्या मेंदूला आवाज, उजेड असाच बोचतो. स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, तपासणी नीट करून घेऊ. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तीही आहे. अहवाल काहीही येवो, तोवर कानात कापूस घाल आणि गर्दी ओसरल्यावर जेव.

नवीन माणसाला आधी फोनवरच विचार: मुलीवर प्रेम असणं तुम्ही आजार मानता का? माझं बोलणं घरी सांगाल का? मराठीत बोलाल का? उत्तर देताना चाचरलं तर फोन ठेव. लातुरात कुणी नाही सापडलं तर व्हिडिओ कॉलवर शोधू. आणि रात्री फार दाटून आलं तर १४४१६ लाव, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

रविवारी सकाळच्या एसटीनं अंबाजोगाईला ये. शोधायचं काम दोघी मिळून करू. जेवायला पत्रावळी काढून ठेवते, आवाज होणार नाही.

तुझ्या बाई