डोक्याला मार, सीटी नॉर्मल. कामावर कधी जायचं?

वाचकांच्या पत्रांत या खेपेला एकच विषय बराच आला: डोक्याला मार लागला, दवाखान्यातून 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं, पण काम काही जमेना. निवडक पत्रं थोडक्यात आणि प्रत्येक पत्राखाली आमचं उत्तर देत आहोत. नावं वगळली आहेत.

मी बसवर वाहक आहे, वय ३८. तीन आठवड्यांपूर्वी मोटारसायकल घसरून डोकं आपटलं. पाचेक मिनिटं शुद्ध नव्हती. सीटी नॉर्मल, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आठ दिवस झोपून काढले आणि कामावर गेलो, तर पहिलीच फेरी घाटाची. वळणावर तिकिटाच्या मशीनकडे पाहिलं की गरगरतं, मळमळतं. हिशेबही चुकतो. सोबतचे म्हणतात, सीटी चांगली आहे मग तुला झालंय काय? महिनाभर पूर्ण विश्रांती घेऊ का? (कणकवली)

महिन्याची रजा टाकू नका. घाटाची फेरीही सध्या घेऊ नका. या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे.

आधी सोबत्यांच्या शंकेचं बघू. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, मोठी सूज आणि हाडाची चीर दिसते. ते नसेल तर त्या घडीला ऑपरेशन लागणार नाही, इतकंच तो रिपोर्ट सांगतो. डोकं जोरात हिसकलं की मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांचा तोल बिघडतो आणि तो सावरायला जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच दिवसांत रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. यातलं काहीच सीटीत उमटत नाही. अर्ध्या तासाच्या आत शुद्ध आली, चोवीस तासांच्या आत आठवणींचा घोळ मिटला आणि तपासणीत शुद्धीचे गुण १५ पैकी १३ ते १५ असले, तर डॉक्टर अशा माराला सौम्य म्हणतात. तुमचा मार त्यातलाच. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो, काहींना तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो आणि थोड्यांना त्याहून जास्त.

विश्रांती लागते ती पहिले २४ ते ४८ तास. तीही अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची नाही. घरातल्या घरात हिंडाफिरायचं, मोबाइल मात्र बाजूला ठेवायचा. त्यानंतर झोपून काढलेला प्रत्येक दिवस बरं होणं लांबवतो. आठ दिवस पडून राहिलात आणि थेट घाटात उभे राहिलात, त्यामुळे त्रास व्हायचाच होता.

आता हिशेबाची पद्धत. काम सुरू करण्याआधी त्रासाला ० ते १० मधला एक आकडा द्या. काम करताना तो आधीपेक्षा दोन अंकांपर्यंत वाढला आणि तासाभरात पूर्वीवर आला, तर तेवढं काम चालेल. दोन अंकांहून जास्त चढला किंवा तासानंतरही उतरला नाही, तर उद्या त्याच कामाचा वेळ कमी करा, पण काम बंद करू नका. त्रास शून्यावर येईपर्यंत थांबणारे विनाकारण मागे पडतात. रोज सपाट रस्त्यावर १५-२० मिनिटं जरा झपाझप चाला, उन्हं चढायच्या आत. तिथेही हाच नियम.

गरगरण्याची मात्र फोड करायला हवी, कारण उपाय वेगवेगळे आहेत. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना खोली फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते का? तसं असेल तर कानाच्या आतले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे माराने जागचे हलले आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते जागेवर आणतात. बहुधा एकदोन बैठकांत काम होतं, गोळ्यांनी होत नाही. उठून उभं राहताना अंधारी येत असेल तर रक्तदाब तपासा आणि पाणी वाढवा. मान आखडलेली असून ती वळवली की गरगरत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. तुमच्या पत्रावरून वाटतं ते चौथंच: बस एकीकडे वळते, डोळे मशीनवर खिळलेले, आणि कान व डोळे यांचा मेळ मेंदूला अजून बसवता येत नाही. त्यासाठी व्यायाम आहे. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, नजर नखावर ठेवा, डोकं 'नाही' म्हणतो तसं डावी-उजवीकडे हलवा. एक मिनिट, दिवसातून तीन ते पाच वेळा. आधी बसून, मग उभ्याने, शेवटी चालताना. नख धूसर दिसू लागलं तर वेग कमी करा. मशीनवरची अक्षरं दोन-दोन दिसत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना 'जवळ पाहताना डोळे एकत्र वळतात का' एवढं तपासायला सांगा. नुसता चष्म्याचा नंबर काढून यांतलं काही कळत नाही.

कामाचा क्रम असा मागून घ्या: पहिला आठवडा स्थानकावर आरक्षण किंवा चौकशीच्या खिडकीवर तीन-चार तास, दर पाऊण तासाला दहा मिनिटं शांत जागी. दुसऱ्या आठवड्यात सहा तास. जमलं की सपाटीवरची छोटी फेरी, म्हणजे सागरी पट्ट्यातली, खाडीपूल ओलांडून जाणारी. फोंडा, करूळ, आंबोली हे घाट सगळ्यांत शेवटी. घाटाची फेरी मिळाली की पायथ्याच्या थांब्यावर गाडी उभी असतानाच तिकिटं संपवा आणि चढणीत पुढच्या बाजूला बसून दूरच्या रस्त्याकडे पाहत राहा. रोख रक्कम मोजताना नोटांचे गठ्ठे किमतीप्रमाणे वेगळे करून दर फेरीला कागदावर मांडा. शेवटी सगळं एकदम मोजलं की चुकतं. मोटारसायकल मात्र चक्कर पूर्ण थांबून मान दोन्ही बाजूंना सहज वळेपर्यंत नको. आणि आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या, आतला थर्माकोल एकदाच दबतो.

वडील ७१ वर्षांचे, आंब्याची बाग अजून स्वतः बघतात. स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. पाच आठवड्यांपूर्वी बागेतल्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) घसरून पडले. तेव्हाची सीटी नॉर्मल होती. आता सुस्त असतात, डावा पाय ओढतात, मजुरांचे पैसे दोनदा दिले. वयामुळे असेल का? बागेत कधी पाठवावं? (देवगड)

आजच्या आज पुन्हा सीटी करून घ्या. हे आम्ही पत्र मिळताच फोनवर कळवलं. इथे छापतो ते इतरांसाठी. उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणलेल्या राहतात. अशी शीर फाटली की रक्त थेंबाथेंबाने साचतं. पहिली सीटी स्वच्छ असली तरी तीन आठवडे ते दोन-तीन महिन्यांत गुठळी वाढून मेंदूवर दाब येतो. रक्त पातळ करणारी गोळी किंवा रोजची दारू असेल तर धोका आणखी वाढतो. वेळेवर कळलं तर कवटीला लहान छिद्र पाडून ते काढता येतं आणि माणूस बऱ्याचदा पूर्ववत होतो. म्हणून ओरोसचा दवाखाना, बांबोळीचा की कोल्हापूरचा, यावर घरात वाद घालत बसू नका. जिथे सीटी लवकर होईल तिथे आधी जा. स्टेंटची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते सांगा.

वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, फिट येणं, एका बाजूची कमजोरी, बोबडी बोली, हाक मारूनही न उठणं, नाक-कानातून पाण्यासारखा स्राव: यातलं काहीही, कोणत्याही वयात दिसलं तर १०८ ला फोन करा.

मिस्टर ट्रॉलरवर खलाशी आहेत. जूनमध्ये बोट शाकारताना खाली पडले. सहा आठवडे झाले. डोकं दुखतं म्हणून रोज दोन गोळ्या घेतात, संध्याकाळी दारू घेतात ती वेगळीच. लहानसहान गोष्टींवर भडकतात. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की नाखवा (बोटीचा प्रमुख) बोट काढणार आणि हे जाणार म्हणतात. (हर्णे)

ताई, पहिल्या फेरीला त्यांनी जाऊ नये. दोन महिन्यांच्या बंदीनंतर पैशाची ओढ किती असते ते आम्हाला ठाऊक आहे, तरीही. ट्रॉलरवर जाळं ओढायला दर दोन-तीन तासांनी उठावं लागतं, आणि तुटक झोपेने अशी डोकेदुखी वाढते. शिवाय विंचवर (जाळं ओढायच्या यंत्रावर) ताणलेला दोर, ओली फळी, इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास. त्रास वाढला तर एका माणसासाठी बोट लगेच मागे फिरत नाही.

नाखव्याशी बोलून पहिले दोन-तीन आठवडे किनाऱ्यावरचं काम मागा: जाळी शिवणं, बर्फ भरणं, मासळी निवडणं. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, डोळे मिटून अर्धा मिनिट उभं राहता येतं का ते घरी भिंतीजवळ बघा. त्यानंतर जेटीवर टब उचलून चालताना मान वळवून बघा. जमलं की बांधलेल्या बोटीवर तासभर, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी होडी. बहुदिवसांची फेरी त्यानंतर, आणि तेव्हाही महिनाभर विंचवर किंवा काठावर एकटं नको. बोटीवर चक्करीची गोळी रोज घेण्याची सवय लावू नका. तिने कान आणि मेंदूचा मेळ बसायला उशीर होतो.

गोळ्यांबद्दल: साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, मिश्र गोळी (एकाहून जास्त औषधं असलेली) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकेदुखी करू लागते. तुमचे मिस्टर त्याच वाटेवर आहेत. डॉक्टरांना सांगून आठवड्यात दोन दिवसांवर आणा. पहिले आठ-दहा दिवस दुखणं वाढेल, ते अपेक्षित आहे. दारू पूर्ण बंद. ती झोप मोडते, तोल घालवते आणि वर लिहिलेल्या गुठळीची लक्षणं झाकते. रोज पिणारे असतील तर एकदम तोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, हातापायाला कंप सुटू शकतो. भडकणं हे या दुखण्याचाच भाग आहे, बहुतेकदा झोप सुधारली की उतरतं. नाही उतरलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा, क्रमांक मोफत आहे.

'मेंदूच्या ताकदीच्या' गोळ्या तीन महिन्यांच्या लिहून दिल्यात, महाग आहेत. घेऊ का? (चिपळूण)

चिठ्ठीत सिटिकोलीन असेल तर त्याची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. २०१२ साली निकाल आला: ९० दिवस दिलेली सिटिकोलीन आणि नुसती बनावट गोळी यांत फरक पडला नाही. फिट येऊ नये म्हणून गोळी दिली असेल आणि तुम्हाला कधीच फिट आली नसेल, तर ती किती दिवस घ्यायची ते विचारा. काहींना तिनेच सुस्ती आणि चिडचिड होते. मनाने मात्र थांबवू नका.

काजूच्या कारखान्यात काम करते. वाकले असता वरची लोखंडी पट्टी डोक्याला लागली. दोन आठवडे झाले. मजुरी किलोवर असल्याने हळू काम केलं तर परवडत नाही. मालक म्हणतात, पूर्ण बरी होऊन ये नाहीतर पूर्ण काम कर. (वेंगुर्ला)

कारखान्यातली सगळी कामं सारखी नसतात, हे मालकांना दाखवून द्या. सोलणी बसून, शांत कोपऱ्यात होते; तिथून सुरुवात करा. प्रतवारी हलकी वाटते, पण २४० आणि ३२० या आकाराच्या प्रतींच्या गरांत फरक करत, अख्खा, पाकळी, तुकडा वेगळा करत डोळे लवकर थकतात; तासाभराच्या वर नको. कटिंगच्या पात्यावर चक्कर पूर्ण थांबल्याशिवाय बसू नका. भाजणीचा उष्मा आणि वास शेवटी. किलोवरची मजुरी हीच खरी अडचण आहे: वेग वाढवला की डोकं दुखतं, दुखलं की दुसरा दिवस जातो. पहिले दोन आठवडे अर्धा दिवस रोजंदारीवर ठरवून घ्या.

इजा कामावर झाली आहे, म्हणून अपघाताच्या वहीत नोंद आहे का ते आधी बघा. पगारातून ०.७५ टक्के ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात होत असेल तर डॉक्टरांनी रजा लिहिलेल्या दिवसांचे सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात. ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली त्या दिवसाचे मात्र नाहीत. ईएसआय नसेल तर तात्पुरत्या अपंगत्वाची भरपाई मालकाकडे लागते, दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के.

डॉक्टरांकडून नुसता 'फिट' किंवा 'अनफिट' दाखला घेऊ नका. त्यावर चार गोष्टी लिहून मागा: रोज किती तास, किती वेळाने विश्रांती, कोणती कामं नकोत (पातं, शिडी, भट्टी), आणि पुन्हा तपासणीची तारीख. ही तारीख दोन आठवड्यांच्या आतली असावी. ती नसली की मालक तोच कागद दाखवून वर्षभर तुम्हाला कटिंगवर घेणार नाहीत, किंवा दुसऱ्याच दिवशी बसवतील.