कोल्हापूरला ऑरेंज अलर्ट आहे, पण शहरात ऊन पडलंय. पूर खरंच येणार का?

अलर्ट नीट वाचा, बहुतेक तो 'कोल्हापूर घाट', म्हणजे सह्याद्रीकडच्या डोंगराळ भागासाठी असतो. शहरातल्या उन्हावर जाऊ नका. पंचगंगेला पाणी येतं ते भोगावती, कासारी, कुंभी, तुळशीतून, म्हणजे राधानगरी-गगनबावड्याकडून. तिकडं रात्रभर पाऊस कोसळला तर इकडं कपडे वाळत असतानाही नदी चढते.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस. एका दिवसाच्या जोरदार पावसानं सहसा महापूर येत नाही. पण धरण भरलेलं असताना तोच पाऊस सलग दोन-तीन दिवस लागला, तर मात्र गडबड. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी चढलं की आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत.

त्यामुळं मी तरी ॲपवरचा ढग बघत नाही, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आकडा किती आहे यापेक्षा तासाला किती इंच चढतोय ते महत्त्वाचं. नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं सामान हलवायला लागली की समजा, पूर येतोय.

पुण्याला जायचं असेल तर आजच निघा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं. आणि गाडी बेसमेंटमध्ये असेल तर ती आधी वर काढा!