गव्हाच्या पिंपातले चाळीस हजार

प्रिय काकू,

मी नाशिकला सिडकोत राहते, वय 36. मिस्टर अंबडला एका कंपनीत आहेत, हातात 41,000 येतात. घराचा हप्ता 14,200. मोठी सातवीत, धाकटा तिसरीत. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांना बीपी आणि शुगर आहे, औषधं महिन्याला 2,400 ची लागतात. दोन वर्षांपूर्वी धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याचं बिल क्रेडिट कार्डावर टाकलं, मग फ्रीज बिघडला, नवा घेतला तोही कार्डावर. आता 62,000 बाकी आहेत. हे दर महिन्याला 3,100 भरतात, म्हणतात मिनिमम भरलं की झालं. वीस तारखेनंतर घरात पैसा नसतो. मी भाजी रात्री साडेआठनंतर आणते, उरलेले वाटे स्वस्त मिळतात. माझं दूध बंद केलंय. सासूबाई बीपीची गोळी एकाआड एक दिवस घेतात, हे मला पाकिटात गोळ्या उरलेल्या दिसल्या तेव्हा कळलं. हल्ली मला उठताना चक्कर येते. अजून कुठे हात आखडू?

आणि एक. मी घरी फॉल-पिको करते, महिन्याला तीसेक साड्या, 80 रुपयांनी. त्यातून तीन वर्षांत 40,000 साठवलेत, गव्हाच्या पिंपात ठेवलेत. यांना माहीत नाही. स्वभावाने चांगले आहेत, व्यसन नाही, पण दिरांनी मागितले की यांना नाही म्हणता येत नाही. सांगू का? मला अगं-तुगंच करा.

– सिडकोतली एक वाचक

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग कागद घेऊन आकडे मांडले. 41,000 मधून घराचा हप्ता, कार्डाचे पैसे आणि सासूबाईंची औषधं गेली की 21,300 उरतात. त्यात पाच माणसांचं खाणंपिणं, दोन शाळा, लाइट बिल, गॅस, पेट्रोल, फोन. यात मला उधळपट्टी कुठेच दिसत नाही. तेव्हा आधी मनातून ती टोचणी काढून टाक, की आपल्यालाच संसार करता येत नाही. तू चांगला करते आहेस. फक्त वाचवते आहेस भलत्या जागी.

पहिल्यांदा दूध. ते आजपासून पुन्हा चालू कर.

मी लालबागच्या चाळीत वाढले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होते. वडील गिरणीत, आई घरी चार कामगारांचे डबे करायची. संप लांबला तशी ती माणसं गावी गेली आणि डबेही गेले. आई आम्हा भावंडांना वाढून झाल्यावर पातेल्यात पाणी घालून ते ढवळायची आणि तेच प्यायची. आम्हाला वाटायचं, तिला सार आवडतं. पावसाळ्यात एकदा पहाटे चारला पाणी भरताना ती नळावरच कोसळली. पुढचे दोन महिने इंजेक्शनं आणि टॉनिक यांना जे पैसे गेले, ते तिने पोट मारून वाचवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. तुझं ‘उठताना चक्कर येते’ हे वाक्य वाचलं आणि मला तो नळ आठवला. म्हणून सांगते, महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन बघ. सगळ्यांची पानं झाल्यावर उरेल ते खायचं, हेही बंद. मुलांबरोबर ताट घेऊन बस. घरात शेंगदाणे आणि गूळ असतोच, सकाळी मूठभर खा. मोड आलेली मटकी, हुलगे, नाचणीची भाकरी ही स्वस्तातली खाणी आहेत आणि अंगी लागतात.

सासूबाईंच्या गोळीचंही तसंच. बीपीची गोळी एकाआड एक घेऊन पैसे वाचत नाहीत. काही झालंच तर एका रात्रीत लाखाचा खड्डा पडतो, आणि माणूस अंथरुणाला खिळतं ते वेगळंच. त्यांना रागावू नकोस. त्या बिचाऱ्या तुमच्यावर भार नको म्हणून असं करतात. त्यांना डॉक्टरांकडे ने, किती दिवस गोळी चुकली ते खरं सांग आणि औषधांची चिठ्ठी जेनेरिक नावाने लिहून माग. ती घेऊन जनऔषधी केंद्रात जा. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या तिथे बहुतेक वेळा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. घटक आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना, एवढं डॉक्टरांना दाखवून घे. मनाने काही बदलायचं नाही. 2,400 मधले हजार रुपये तरी इथे सुटतील असा माझा अंदाज आहे, आणि त्या गोळी रोज घेतील.

आता खरं भोक कुठे आहे ते बघ.

बऱ्याच कार्डांवर बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाला नव्हे, महिन्याला. 62,000 वर ते 2,170 झालं. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 390. एकूण 2,560. तुमचे हे 3,100 भरतात, त्यातले 2,560 हवेत जातात आणि कर्जातून वजा होतात जेमतेम 540. बाकी कमी होते तसं मिनिममही कमी होत जातं, त्यामुळे या चालीने 62,000 चे नुसते निम्मे व्हायलाच साडेसहा वर्षं लागतील. धाकटा तोवर नववीत असेल आणि त्याच्या तेव्हाच्या डेंग्यूचे पैसे अजून फिटत असतील. शिवाय बाकी अंगावर असताना कार्डावर नवं काही घेतलं, तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, पंचेचाळीस-पन्नास दिवसांची सवलत मिळत नाही. फक्त मिनिमम भरलं तर कर्ज वर्षानुवर्षं चालेल, असा इशारा बिलावर छापलेला असतो, पण तो कुणी वाचत नाही. हे भोळेपणाने फसलेत, यात मला त्यांचा मोठा दोष वाटत नाही. ‘मिनिमम’ हा शब्दच असा आहे की तेवढं भरलं की माणूस सुटल्यासारखा वाटतो.

आणि या सगळ्यात तुझे 40,000 गव्हात पडून आहेत. एकाच घरात एका हाताने महिन्याला अडीच हजार व्याज जातंय आणि दुसऱ्या हातातला पैसा पै ने वाढत नाही. तू रात्री साडेआठनंतर भाजी आणून वाचवत असशील महिन्याला चारशे-पाचशे.

तेव्हा हो, सांग. तुझ्या यांना दारू असती, हात उगारायची सवय असती, तर मी तुला एक शब्दही बोलू नकोस म्हटलं असतं. तसं नाही हे तूच लिहिलंस. पण सांगणं वेगळं आणि हातात देणं वेगळं. रोख रक्कम त्यांच्या हातात देऊ नकोस. रविवारी दुपारी जेवणं झाली, मुलं खाली खेळायला गेली की कार्डाचं ताजं बिल आणि एक वही घेऊन बस. त्यांना विचार, ‘या 3,100 मधले कर्जात किती गेले, आपण बघू या का?’ आकडा त्यांना स्वतःला काढू दे. तू काढून दाखवलास तर तो टोमणा होईल. 540 हा आकडा त्यांच्या हाताने वहीत उतरला, की मग पिंपाचं सांग. आधी ते दुखावतील, तीन वर्षं लपवलंस म्हणतील. तेव्हा दिरांचं नाव काढू नकोस. एवढंच म्हण, की मला भीती वाटायची, अडीनडीला घरात काही नसेल तर काय, म्हणून ठेवले.

मग 40,000 मधले 10,000 बाजूला काढ. ते तुझ्या नावाने तुझ्या खात्यात जातील, आणि ते आहेत हे यांना माहीत असेल. बाईकडे स्वतःचा पैसा असावा, यावर मी ठाम आहे. तो गव्हात असायची गरज नाही. उरलेले 30,000 बँकेत भरून दोघांनी बसून, एकत्र, तिथल्या तिथे कार्डावर टाका. मधे एक रात्रही जाऊ देऊ नका, म्हणजे दिरांच्या मागण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढे ते मागतीलच. तेव्हा यांनी म्हणावं, ‘कार्ड फिटेपर्यंत माझ्या हातात काही नाही.’ हे खरंच आहे, त्यामुळे भिडस्त माणसालाही म्हणता येईल.

राहतात 32,000. यांच्या कंपनीत कामगारांची पतपेढी आहे का विचार. असेल तर तिथून तेवढं कर्ज काढून कार्ड एकदम मिटवा. पतपेढीचं व्याज कार्डाच्या मानाने खूपच कमी असतं. आमच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका किराणा भरायला सावकाराकडून पैसे उचलायच्या आणि आयुष्यभर व्याजच फेडायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. पोळ्या तेवढ्याच लाटायच्या होत्या, जेवणारी माणसंही तीच. पण व्याज उतरलं आणि बायकांच्या हातात चार पैसे राहायला लागले. तुझ्या घरात नेमकं हेच करायचंय.

पतपेढी नसेल तरी घाबरू नकोस. महिन्याला 3,100 ऐवजी 5,000 भरलेत तर हे 32,000 आठ महिन्यांत संपतात. मी महिन्यामहिन्याचं व्याज धरून मांडून बघितलंय. वरचे 1,900 कुठून आणायचे? हजार औषधांतून. आणि साडीमागे तू 80 घेतेस ते 110 कर. फॉल, दोरा, मशीनचं तेल, लाइट सगळं महागलं आणि तुझा दर तीन वर्षांपूर्वीचा असावा अशी मला शंका आहे. तीस साड्यांचे 900 झाले. एखाददुसरी गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे. आठ महिने त्या कार्डावर काहीही घ्यायचं नाही, ते कपाटात वरच्या फळीवर ठेवा.

आता ‘दर महिन्याला काहीतरी निघतंच’ याबद्दल. तू लिहिलं नाहीस, पण वीस तारखेला पैसा संपतो त्याचं हेही एक कारण असणार. जूनला फी आणि वह्या-पुस्तकं, मग रेनकोट, गणपती, दिवाळी, गाडीचा विमा, लग्नसराईतले आहेर. हे खर्च अचानक येत नाहीत. दरवर्षी त्याच महिन्यात येतात, आणि दरवर्षी आपण नव्याने दचकतो. वहीत बारा महिने लिहा आणि समोर मागच्या वर्षीचा आकडा. समजा बेरीज 48,000 आली, तर महिन्याला 4,000 आत्ताच खर्च झाले असं धरायचं. आज ते जमणार नाही हे मला कळतं. कार्ड मिटलं की तेच 5,000 मोकळे होतात. त्यातले 4,000 या खर्चांसाठी वेगळ्या खात्यात आणि हजार तुझ्या नावाने पोस्टात आरडीला. पोस्टाची आरडी शंभर रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षांची. तोपर्यंत मोठी बारावीच्या आसपास असेल.

बारीकसारीक राहिलं ते भराभर सांगते. सासूबाईंना घेऊन गावी जाशील तेव्हा एसटीने जा, बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्यांची पंचाहत्तरी झाली असेल तर त्यांचं तिकीटच नाही. विजेचा दर 100 युनिटच्या पुढे एकदम चढतो, बिलावर युनिट बघत जा. गहू पिंपात भरतेस हे छान आहे. तूरडाळही हंगामात घेऊन एरंडेल लावून ठेवता येईल, पण बेगमीसाठी कार्ड किंवा उधारी नको, जमेल तेवढीच भर. लाडकी बहीणचा फॉर्म शेजारणी भर म्हणतील, पण तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. तुमचं त्याहून जास्त आहे, नको त्या भानगडीत पडू.

आणि दवाखान्याची वेळ पुन्हा आलीच, देव करो न येवो, तर कार्ड पुढे करण्याआधी विचारा, की हे रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का. आता राज्यातल्या सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. प्रत्येक आजार आणि प्रत्येक रुग्णालय त्यात बसत नाही. जिथे बसतं तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्यांच्याकडे आधी जायचं. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेव. पळापळीत ते सापडत नाहीत.

मुलांना यातलं किती सांगायचं, असा प्रश्न तुझ्या मनात येईल. सातवीतल्या मुलीला सांग, की आठ महिने आपण एक कर्ज फेडतोय. तिला दिसतच असेल, आई दूध घेत नाही ते. उद्या सकाळी तिच्यासमोर बसून कप घे.