ॲडव्हान्स परत केला, तेव्हापासून झोप नाही

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नावगाव लिहीत नाही, तुम्ही म्हटलं तसंच, पण बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात सांगते. ताईंची शेती हिंगणघाटकडं, आणि घर नागपूरच्या एका ले-आऊटमध्ये, २००४ मध्ये पोरांच्या शिक्षणासाठी प्लॉट घेऊन बांधलेलं. पोरं आता बाहेर. पेरणीला अन कापूस वेचणीला दोघं खेड्यावर, बाकीचे दिवस नागपुरात. गल्लीतले जुने लोकं विकून पोरांकडं गेले आणि त्यांच्या घरात छत्तीसगडचे, बिहारचे, बंगालचे लोकं येऊन राह्यले, किराण्याच्या दुकानात हिंदी, पोट्ट्यांच्या खेळात हिंदी, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिथं पंधरा जणी यायच्या तिथं यंदा चार आल्या. मग खालच्या दोन खोल्या पाहायला दारव्ह्याकडचं एक मुसलमान जोडपं आलं, ती दवाखान्यात नर्स, तो मोबाईलच्या दुकानात. ताईंनी दोन हजार ॲडव्हान्स घेतला, संध्याकाळी गल्लीतले चार जण येऊन बसले, आणि दुसऱ्या दिवशी ताईंनी "खोली भाच्याला लागते" म्हणून पैसे परत केले. मुलाला समजलं तर तो फोनवर भांडला. आता ताई विचारतात, "मी चुकली का? आपला मोहल्ला आपला राहावा असं वाटणं पाप आहे का?"

वाटणं पाप नाही ताई. ज्या ओट्यावर बसून वीस वर्ष भाजी निवडली तिथं आता कोणी आपल्या बोलीत "काय चाललं" विचारत नाही, याचं दुःख खरं आहे, तुमच्या मुलानं ते आधी ऐकून घ्यायला पाहिजे होतं. पण त्या अकरा जणी का आल्या नाहीत हे तुम्हीच लिहिलं ना. प्लॉटचा भाव वाढला, त्यांनी विकलं अन पुण्याला पोरांकडं गेल्या. त्यांना छत्तीसगडच्या बाईनं थोडीच हाकललं.

आणि पत्रातली एक ओळ माझ्या डोक्यातून जातच नाही. ती पोरगी आत आली अन "मोरी कुठी हाय जी काकू?" म्हणाली तेव्हा मला माहेर आठवलं, असं तुम्ही लिहिलं. म्हणजे पाहा, गल्लीत आपली बोली राह्यली नाही म्हणून तुम्ही झुरता, अन जी आपली बोली घेऊन दारात आली तिलाच तुम्ही माघारी पाठवलं. मग तो प्रश्न भाषेचा कुठं राह्यला? आडनावाचाच झाला ना.

नागपूर आधी सगळं आपलं होतं अन आता बाहेरचे आले, असं गल्लीतले ते चार जण म्हणतात, त्यांना एकदा विचारा की कधी होतं. हे शहर १७०२ मध्ये देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं वसवलं, आणि त्यानं बाहेरून शेतकरी, कारागीर बोलावून वसवले, हिंदू बी अन मुसलमान बी. भोसले आले ते नंतर, आपली मराठी वस्ती वाढली ती त्यांच्या राज्यात. १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा कामाला माणसं लागली, फाळणीनंतर सिंधी जरीपटक्यात आले. आणि हिंदीचं म्हणाल तर १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी मिळून असलेल्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, आपल्या बापाच्या काळात कचेरीत हिंदी चालायची, ती काही काल-परवा बिहारहून आली नाही. तुमचा ले-आऊट तरी काय, तुम्हीच लिहिलं की मागं तुरीचं वावर होतं आणि जुन्या गावठाणातले लोकं तुम्हाला "प्लॉटवाले" म्हणून वेगळं ठेवायचे. किती वर्ष लागले त्यांना तुमच्याकडं चहाला यायला?

आता एक माझं सांगते, कारण "भाच्याला लागते" हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. १९८३ मध्ये मी आणि माझी मैत्रीण आर्वीहून नागपूरला शिकायला गेलो, एका ठिकाणी दोघींना मिळून खोली पसंत पडली, मालकीणबाईंनी चहा पाजला अन मग आडनावं विचारली. मैत्रीण बौद्ध. तिचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्या लाखोंच्या गर्दीत होते, आणि त्याच शहरात त्यांच्या पोरीला सत्तावीस वर्षांनी "खोली पुतण्याला लागते" असं ऐकायला मिळालं. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तू एकटी राहा. आणि मी राह्यली, दोन वर्ष. पुतण्या काही आला नाही. मैत्रीण लांब एका नातेवाइकाकडं राह्यली, रोज सायकलीनं यायची, मला एका शब्दानं बोलली नाही, आणि मी बी कधी त्या बाईंना काही म्हटलं नाही. आज चाळीस वर्ष झाले, ती खोली मला तिच्या खिडकीसकट आठवते.

म्हणून तुम्हाला झोप येत नाही ते बरंच आहे, ती झोप मोडू द्या.

भीती वाटत असेल तर तिचा इलाज आहे. भाडेकरार लेखी करा अन नोंदवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ते करावंच लागते, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, आणि हे सगळ्या भाडेकरूंसाठी सारखंच करा, आडनाव पाहून नाही. त्या कोपऱ्यावरच्या घरात मालकानं दोन खोल्यात चौदा पोरं कोंबले आणि बोअरिंगचं पाणी पुरत नाही, ही तक्रार खरी आहे, पण ती त्या मालकाकडं न्या, तो तर मराठीच आहे ना. त्या पोरांना दोष काय देता, त्यांनाच गुदमरून राहावं लागते.

गल्लीतले चार जण परत येऊन बसले तर चहा पाजा आणि सांगा की घर माझं आहे, भाडं मी ठरवते. संविधानाच्या १९ व्या कलमात देशात कुठंही राहायचा हक्क दिलेला आहे, तुमचा मुलगा त्याच हक्कानं बंगलोरला राहून राह्यला. ते रागावतील, काही दिवस बोलणार नाहीत. भाऊजींना आधीच सोबत घ्या, एकटीनं हे झेलू नका.

आणि पुढच्या संक्रांतीला छत्तीसगडच्या बाईला, बंगाली बाईला बोलवा, बोलावलंच नाही तर येतील कशा? तिळगूळ कोणाला नको असते.

पण ते सगळं नंतर. आज त्या नर्स पोरीला फोन लावा, नंबर अजून मोबाईलमध्ये असेलच. खोली रिकामी असेल तर या म्हणा. ती म्हणाली की काकू, आता दुसरीकडं घेतली, तरी लगेच फोन ठेवू नका. भाचा येणार नव्हता, हे तिला सांगून टाका.