बाहेरचा बोका, आतली मांजर: वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारीपासून दिवस मोठा होऊ लागला की मांजरींचा माजाचा हंगाम जोर धरतो. बोके गावभर फिरतात, रात्ररात्र ओरडतात. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे खिडक्या उघडतात आणि कूलर लागतात. त्यामुळे या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: बाहेर परकं मांजर दिसलं की घरातलं मांजर असं का वागतं?

प्रश्न (दारव्हा तालुका): आमच्याकडे दोन मांजरी आहेत, मायलेकी. तीन वर्षं एकाच गोधडीत झोपत. आठ दिवसांपूर्वी रात्री गावातला बोका कूलरच्या स्टँडवर चढला. माय खिडकीवर धावली, गुरगुरली आणि मागे वळून लेकीवरच तुटून पडली. सोडवायला गेलेल्या सासूबाईंच्या पोटरीला चावली, रक्त आलं. तेव्हापासून दोघी एकमेकींना पाहिलं की फिसकारतात. खाणंपिणं नेहमीसारखं आहे. ती पिसाळली तर नाही ना?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं पाहू. रेबीजची लस सुरू केली नसेल तर आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. आठ दिवस झाले म्हणून लस टाळायची नसते. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घेतात. रक्त आलेल्या जखमेला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना आवर्जून विचारा. पुढे कधी असं झालं तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. तिखट, चुना, हळद काहीही भरायचं नाही. मांजराचे सुळे बारीक आणि खोल जातात. वरून जखम छोटी दिसते आणि आत पू होतो. लाली पसरली, ठणका लागला तर तेही डॉक्टरांना दाखवा.

मांजरीवर चावल्यापासून १० दिवस नजर ठेवा. रेबीज झालेलं मांजर या मुदतीत खालावत जातं आणि मरतं. तुमची आठ दिवसांनंतरही नीट जेवते आहे आणि तिचा राग फक्त लेकीवर आहे, तेव्हा हे पिसाळणं वाटत नाही. पण दहा दिवस पूर्ण होऊ द्या, आणि लस तोवर थांबवू नका.

मग झालं काय? बोका समोर दिसतोय, त्याचा वास येतोय, पण मधे गज आणि जाळी. अंगात लढाईचा ताव चढला आणि शत्रूपर्यंत पोचता येत नाही, तेव्हा जो जवळ असेल त्याच्यावर हल्ला होतो. लेकही त्या वेळी शेपटी फुगवून, पाठ वाकवून उभी असणार; मायला तीही चालून आलेली वाटली. हा ताव काही तास, कधी दिवसभराहूनही जास्त टिकतो. भांडण मात्र त्यानंतरही चालू राहतं, कारण आता दोघींच्याही मनात एकमेकींचं दिसणं आणि ती भीती यांची गाठ बसली आहे. आपोआप सुटेल म्हणून दोघींना एकत्र ठेवलं तर दर भेटीत ती गाठ घट्ट होते. म्हणून आजच वेगळ्या खोल्या करा.

प्रत्येकीच्या खोलीत पाणी, जेवण, लपायला एक खोकं आणि घमेल्यात तीन बोटं वाळू. पहिले दोन-तीन दिवस एकमेकींचं दर्शन नको. एकीच्या अंथरुणातलं फडकं दुसरीच्या खोलीत ठेवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, ताटल्या दारापासून चार-पाच हात लांब. दोघी मान खाली घालून शांतपणे खात असतील तर दर जेवणाला वीतभर जवळ आणा. ताटली दाराला टेकली की दार दोन बोटं उघडून कडी अडकवा. तेही जमलं की एकाच खोलीत आठ-दहा फुटांवर, पाच मिनिटं, फक्त जेवणापुरतं. या भेटीत आवडीचं द्या: उकडलेलं अंडं, मीठ-मसाला-कांदा न घातलेली उकडलेली कोंबडी. एक जण खाणं सोडून दुसरीकडे टक लावून बघू लागली तर तिथेच थांबा आणि एक पायरी मागे जा. बहुतेक घरांत दोन-तीन आठवडे लागतात. अपयश येतं ते दोनच कारणांनी. एक, घाई. दुसरं, खिडकी तशीच उघडी राहिली आणि बोका पुन्हा दिसला.

म्हणून खिडकीचं काम सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा खिडकी बंद ठेवा असं सांगण्यात अर्थ नाही. नजर अडवायची, वारा नाही. तुराट्यांची किंवा पऱ्हाट्यांची दाट ताटी बांधून खिडकीच्या बाहेरून, उंबऱ्यापासून तीन फूट उंचीपर्यंत लावा. ती नसेल तर शेडनेटची हिरवी जाळी दुहेरी करून गजांना ताणून बांधा. एकेरी जाळीतून हालचाल दिसते, आणि मांजराची नजर हालचालीवरच लागते. काचेला जुनं वर्तमानपत्र चिकटवलं तरी चालतं, पण आतून लावलं तर मांजर नखांनी फाडतं, बाहेरून लावा.

कूलरचं स्टँड हे बोक्याचं आवडतं ठिकाण आहे: सावली, गारवा आणि ठिबकणारं पाणी. स्टँडच्या चारही बाजूंना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी तारेने बांधा. गळती बंद करा. आणि बाहेरच्या जनावरांसाठी पाण्याचं मडकं खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. उन्हाळ्यात नुसतं पाणी तोडलं तर तहानलेला बोका पुन्हा खिडकीशीच येईल.

शेवटचं: भांडण सुरू असताना हात घालू नका, ओरडू नका, पाणी फेकू नका. आवाजाने ताव आणखी चढतो. मधे सूप किंवा मोठा पुठ्ठा सरकवा, किंवा एकीवर जाड गोधडी टाकून तिला गुंडाळून अंधाऱ्या खोलीत न्या आणि दार लावा. लगेच कुरवाळायलाही जाऊ नका. सासूबाईंना चावली ती याच अवस्थेत.

प्रश्न (सिंदखेड राजा तालुका): दीड वर्षाचा बोका आहे, नसबंदी केलेली नाही. बाहेरच्या बोक्याचा आवाज आला की मागच्या दारावर आणि सोयाबीनच्या कट्ट्यांवर शेपटी थरथरवत धार मारतो. रोज फिनाईलनं पुसतो, तरी पुन्हा तिथेच.

उत्तर: भाऊ, फिनाईल आजपासून बंद. काळ्या फिनाईलमधले फिनॉल मांजराच्या यकृताला फोडता येत नाहीत. ओल्या फरशीवर चालून पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते. शिवाय त्या उग्र वासाने त्याला आपली खूण पुसली गेल्यासारखी वाटते आणि तो ती पुन्हा करतो.

एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. एक भाग पावडर, दहा भाग कोमट पाणी. कढत पाणी नको, त्याने एन्झाइम निकामी होतात. डागावर ओतून १५ मिनिटं राहू द्या, साध्या पाण्याने दोनदा धुवा, वाळलं की सर्जिकल स्पिरिटने पुसा. स्पिरिट उडून जाईपर्यंत बोका तिथे नको. मातीची भिंत असेल तर धुऊन उपयोग नाही, मूत आत मुरलेलं असतं; तेवढा पोपडा खरवडून नवं लिंपण करा. दाराची बाहेरची बाजू धुतलीत का? बाहेरचा बोकाही तिथेच धार मारत असणार आणि वास फटीतून आत येतो. आतून कितीही धुतलं तरी बाहेरचा डाग राहिला तर तुमचा बोका उत्तर देतच राहील. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी ठोका. कट्टे फळ्यांवर, दारापासून लांब रचा आणि खालच्या दीड फुटाला प्लॅस्टिकचा कागद लावा. धार साधारण वीतभर ते फूटभर उंचीवर पडते.

खरा उपाय नसबंदी. दहापैकी सुमारे नऊ बोक्यांचं धार मारणं त्याने थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं. काहींत लगेच, काहींत काही महिन्यांनी फरक दिसतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजराची शस्त्रक्रिया होते का ते विचारा. तिथे नसेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था किंवा नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे दवाखाना आहे. आधी चौकशी करून, उपाशी किती वेळ ठेवायचं ते विचारूनच निघा. दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

एक फरक ओळखून ठेवा. उभं राहून, शेपटी थरथरवत थोडीशी धार ही खूण असते. पण बोका वारंवार बसून कळ देतोय, ओरडतोय, थेंबच पडतोय किंवा काहीच होत नाही, तर मूत्रमार्ग तुंबला आहे. एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न (आर्वी तालुका): आमची मांजर खिडकीत बसून चिमण्यांकडे बघत दात वाजवल्यासारखा ‘कट-कट’ आवाज करते. बाहेरची मांजर आली तर नुसती बघत बसते. तिला कोंडल्यासारखं वाटतं का?

उत्तर: तो आवाज शिकार दिसतेय पण हाती येत नाही तेव्हाचा. त्यात काळजीचं काही नाही. बाहेरची मांजर दिसली तरी कान पुढे, मिश्या सैल, शेपटी शांत असेल तर ते कुतूहल आहे; खिडकी झाकू नका. कान मागे चिकटले, बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपटी आपटू लागली की झाका. रोज संध्याकाळी १०-१५ मिनिटं दोरीला चिंधी बांधून खेळवा आणि खेळ संपला की लगेच जेवण द्या. तेवढ्याने ती तृप्त राहील.

प्रश्न (मूल तालुका): शेजारी एका भटक्या भाटीला (मादी मांजरीला) जेवण देतात, ती आमच्या ओट्यावर येऊन आमच्या मांजराला छळते. तिला गोणीत घालून बाजाराच्या गावी सोडून यावं का?

उत्तर: कृपया सोडू नका. अनोळखी गावात पाणी कुठे, कुत्री कुठे, तिला ठाऊक नसतं. पिल्लं मागे राहिली असतील तर तीही मरतात. उपासमार होईल असं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. आणि जागा रिकामी राहत नाही. घरात तूर, सोयाबीन, कापूस आहे तोवर उंदीर आहेत, आणि उंदीर आहेत तोवर दुसरं मांजर येणारच.

शेजाऱ्यांशी बोला. जेवण ठरल्या वेळी, अर्ध्या तासात ताटली उचलून घ्यायची. ताटलीची जागा रोज दोन-तीन हात सरकवत तुमच्या ओट्यापासून दूर न्यायची; एकदम बदलली तर ती जुन्या जागीच शोधत येते. दोन्ही घरांनी मिळून तिची नसबंदी करा. भाटीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे वर्षात दोन-तीन वेत सहज होतात, आणि ती माजावर आली की तालुकाभरचे बोके तुमच्याच ओट्यावर. ओट्यावर संत्र्याच्या ताज्या साली टाकल्या तर काही मांजरं टाळतात, पण साल वाळली की परिणाम संपतो. संत्र्याचं किंवा लिंबाचं तेल शिंपडू नका, ते मांजराला विषारी आहे.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव तालुका): रात्री कौलावर काहीतरी फिरतं आणि आमचं मांजर कपाटाखाली शिरून सकाळपर्यंत बाहेर येत नाही. एकदा परसात मोठं, लांब पायांचं मांजर दिसलं. ते रानमांजर असेल का?

उत्तर: असू शकतं. वाळूच्या रंगाचं, ठळक पट्टे नसलेलं अंग, लांब पाय, आखूड शेपटीच्या टोकाशी काळी कडी, कानांच्या टोकांना काळे केस असतील तर रानमांजर. कौलावर फिरणारं मात्र बहुधा उदमांजर: अंगाइतकी लांब शेपटी, तोंडावर काळसर मुखवटा, आणि विष्ठेत फळांच्या बिया. दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, फासे-पिंजरे लावू नका. घरात अडकलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

कपाटाखालून मांजराला ओढून काढू नका; तिथेच पाणी सरकवा आणि उजाडल्यावर स्वतः येऊ द्या. तिन्हीसांजेच्या आत ते घरात असू द्या, तुमच्या भागात बिबट्याही फिरतो. आणि लस पूर्ण करा: पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराची लस ८, १२ आणि १६ व्या आठवड्याला, रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि पुढे दरवर्षी. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू चपलेला चिकटून घरात येतो, म्हणून कधीच बाहेर न जाणाऱ्या मांजरालाही ही लस लागते.