आयटी कंपनी खटला हरली, शेअर पडला. विकून मोकळं व्हावं का?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या खटल्याची बातमी आली आणि तुमचा आयटीचा शेअर घसरला, तर तो ठेवावा की विकावा.

आमच्या सांगलीकडं उसाची जमीन घेताना आधी सातबारा बघतात. कोर्टकज्जा असेल तर पुढचा प्रश्न: वाद बांधाचा की मालकीचा? बांधाचा असला तर दोन-चार गुंठे जातील, ऊस येतच राहील. मालकीचा असला तर लांब राहायचं.

एप्रिल 2016 मध्ये एपिक सिस्टीम्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या दाव्यात अमेरिकी ज्युरीनं टीसीएसला 94 कोटी डॉलर भरायला सांगितले. गोपनीय कागदपत्रं परवानगीशिवाय डाउनलोड केल्याचा आरोप होता. रुपयात सहा हजार कोटींच्या वर! शनिवार-रविवार मी तोच आकडा घोकत बसलो आणि सोमवारी बाजार उघडताच माझे 40 शेअर फुंकून टाकले. कंपनीचा वर्षाचा नफा तेव्हा सुमारे 24 हजार कोटी होता, म्हणजे सगळी रक्कम गेली असती तरी साधारण एका तिमाहीची कमाई. हा भागाकार मी केलाच नाही. पुढं त्याच कोर्टाच्या न्यायाधीशानं रक्कम 42 कोटी डॉलरवर आणली आणि मग वरच्या कोर्टात ती 28 कोटी डॉलरवर आली. 2018 मध्ये एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागं एक शेअर फुकट मिळाला, तोही मला नाही.

उलटं उदाहरण ब्लॅकबेरी या फोन कंपनीचं. 2006 मध्ये कंपनीनं 61.25 कोटी डॉलर मोजून पेटंटचा दावा मिटवला. सेवाच बंद पडायची वेळ आलेली, ती टळली. पण पुढच्याच वर्षी आयफोन आला, गिऱ्हाईक तिकडं वळलं आणि 2016 मध्ये स्वतः फोन बनवणंही थांबलं. खटला मिटला, धंदा गेला.

म्हणून वार्षिक अहवालात 'कंटिंजंट लायबिलिटी'ची, म्हणजे खटला हरला तर भरावी लागू शकणाऱ्या रकमेची टीप काढा, ती रक्कम वर्षाच्या नफ्याशी ताडून बघा. कोर्टानं विक्रीच थांबवलीय का, तेही बघा. मग नवी कंत्राटं आणि मार्जिन, म्हणजे विक्रीतून शेकडा किती नफा उरतो ते. माझा जास्त वेळ तिथंच जातो.

हिशेबच खोटे असल्याचा वाद असेल तर मात्र भागाकार करत बसू नका. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या आयटी कंपनीचा सातबाराच खोटा निघाला, आणि शेअर त्या एका दिवसात तीन चतुर्थांशांहून जास्त कोसळला.